पांढऱ्या दोऱ्याची उंची

मी ट्रायल रूममध्ये एका कोटात अडकले होते, आणि बाहेरून कुणीतरी पडदा उचलत होतं.

अडकले होते म्हणजे अक्षरशः. डावा हात बाहीत आणि उजवा अस्तरात. त्या कोटाचं खांद्याजवळचं अस्तर फाटलेलं होतं, त्यामुळे माझा हात बाहीत जायच्या ऐवजी त्या फटीतून थेट पाठीकडे गेला होता. जुन्या कपड्यांच्या दुकानात असं होतं कधी कधी. आणि नेमकी तेव्हाच पडद्याची कड हळूच वर जायला लागली... एक इंच... दोन इंच... मग बोटं दिसली. लांबसडक, शाईचा डाग पडलेली बोटं.

जुन्या शाळेतली मी असते, तर श्वास रोखून भिंतीला चिकटले असते. पण हे नवीन शहर होतं. इथे येताना सामानाच्या गाडीत पुढे बसल्या बसल्या मी ठरवलं होतं, की इथे आपल्याला कुणी ओळखत नाही, तेव्हा इथे आपण बोलणारी मुलगी व्हायचं.

म्हणून मी म्हणाले, "बूट बघायचे असतील तर पलीकडच्या रॅकवर आहेत. हे विकायचे नाहीत."

बोटं चटका बसल्यासारखी मागे गेली. "सॉरी! आत कुणी आहे हे... मला खरंच माहीत नव्हतं."

"मग पडद्याखालून काय, भूत शोधत होतास?"

"नाही, मी फक्त..."

"आता आलाच आहेस तर सोडव. हात अडकलाय."

मी पडदा सारला. समोर एक मुलगा गुडघ्यांवर बसलेला. तो उठायला लागला... आणि उठतच राहिला. संपेचना! माझी नजर वर, आणखी वर, आणि शेवटी एका लाल झालेल्या चेहऱ्यापाशी पोचली. कान तर चेहऱ्यापेक्षाही लाल. त्याने कोटाची बाही धरली, डोळे मात्र छताकडे, जणू माझ्याकडे बघितलं तर दंड होणार होता.

"छतावर बाही नाहीये," मी म्हणाले.

तेव्हा तो हसला. एका बाजूने आधी, मग दुसऱ्या बाजूने. आणि मी—मी, जी बोलणारी मुलगी होते—गप्प झाले.

दुकान होतं मावशींचं. मावशी म्हणजे कुणाच्याच मावशी नाहीत आणि सगळ्यांच्या आहेत. डोक्यावर कायम तीन चष्मे, तिन्ही जुने घेतलेले. एक लांबचं बघायला, एक जवळचं बघायला आणि तिसरा, त्या म्हणतात तसं, माणसं बघायला. त्यांच्याकडे कशावरच किमतीची चिठ्ठी नसायची. तुम्ही वस्तू पुढे केली की त्या विचारायच्या, "कशाला हवंय?" आणि उत्तर ऐकून भाव सांगायच्या. उत्तर आवडलं की स्वस्त. नाही आवडलं की तीच वस्तू दुप्पट.

माझी त्यांच्याकडची पहिली खरेदी अगदी पहिल्याच आठवड्यातली. आईची बदली झाली म्हणून आम्ही दोघी आलो, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आणि त्या खोल्यांत आमचा आवाज घुमायचा इतक्या रिकाम्या. आईने मला खुर्च्या बघायला पाठवलं आणि मी पडदा घेऊन आले! शेवाळी रंगाचा, जाड, उन्हाने थोडा विटलेला. मावशींनी विचारलं कशाला, मी म्हटलं, "कापून स्कर्ट शिवणार." त्या इतक्या खूश झाल्या की जवळजवळ फुकटच दिला. "घडी घालून ठेवणाऱ्यांना मी वस्तू देत नाही. वापरात आली पाहिजे."

शिवण मला मामीने शिकवलंय. त्या पडद्याच्या एका कडेला कुणीतरी ठिकठिकाणी रंगीबेरंगी टाके घातले होते, एकाखाली एक, काही अंतर सोडून. मला वाटलं, रफू केलंय. मी ब्लेड घेतलं आणि सगळे उसवून टाकले. मग कापड कापलं, टिपा मारल्या. स्कर्ट जवळजवळ झाला होता. अडलं होतं फक्त बटणांवर. मला सहा बटणं हवी होती, तपकिरी, शिंगासारखी दिसणारी, चार भोकांची. आणि सहाच्या सहा एकसारखी! म्हणून दर शनिवारी शाळा सुटली की मी जुन्या सामानाच्या त्या गल्लीतली सगळी दुकानं पालथी घालायचे.

तो तिथेच असायचा. दर शनिवारी.

"जिराफ," मी हाक मारली दुसऱ्या खेपेला.

"काय गं, टाचणी?"

"टाचणी का?"

"लहान आहेस आणि टोचतेस."

आता सांगा, असं म्हणणाऱ्या मुलाचं काय करायचं?

तो काहीतरी शोधत होता, पण काय ते सांगायचा नाही. मावशींनाही त्याने सांगितलं नव्हतं. "नुसतं बघतो" म्हणायचा, आणि मावशी तिसरा चष्मा लावून त्याच्याकडे बघत राहायच्या. तो ढिगात हात घालायचा आणि कापडांच्या फक्त कडा चाचपायचा, डोळे मिटून. मी विचारलं तर म्हणायचा, "सापडलं की सांगेन."

मग मी ओळखायचा खेळ सुरू केला. एका शनिवारी तीन प्रश्न, जास्त नाहीत.

"हरवलेली लॉटरी?"

"नाही."

"प्रेमपत्र?"

"कुणाचं?"

"तुला कोण लिहिणार, तुला वाचायला द्यायचं तर शिडी लावावी लागेल... टोपी?"

"नाही. झाले तीन."

असे पाच शनिवार गेले. आम्ही एकत्र एक टेबल तिसऱ्या मजल्यावर चढवलं. आईने त्याला पाणी दिलं, त्याने पेला परत देताना "थँक्यू, काकू" म्हटलं आणि दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं. आई नंतर दोन दिवस उगाचच हसत होती. आम्ही एक रेडिओ घेतला, ज्यावर एकच स्टेशन लागायचं आणि तेही फक्त बातम्यांचं. त्याने माझ्यासाठी बटणांचा अख्खा डबा टेबलावर ओतून एकेक बटण उजेडात धरलं. आमची बोटं बटणांमध्ये एकमेकांना लागायची, आणि दोघेही अशा चेहऱ्याने बसायचो, की जणू बटणंच लागली.

एकदा त्याला एक कोट आवडला, पण खांद्यात घट्ट वाटत होता. मी ऐटीत गळ्यातली टेप काढली. "थांब. खांदे मोजते. वाक जरा."

तो नाही वाकला.

"अरे, वाक ना. हात पुरत नाही माझा."

"मी मोजताना वाकत नाही." आवाज एकदम वेगळाच. मग थोडा नरम होऊन, "स्टूल घे ना, प्लीज."

मला वाटलं, नखरे. मी स्टुलावर चढले, खांदे मोजले, आणि चढलेच आहे तर म्हणून टेपचं टोक पायाखाली दाबायला लावून, टेप संपली तिथून पुन्हा धरून, उंचीही मोजली. "एकशे चौऱ्याहत्तर सेंटिमीटर!" मी ओरडले. पहिल्यांदाच माझे डोळे त्याच्या डोळ्यांसमोर होते, अगदी सरळ रेषेत. त्याच्या उजव्या डोळ्याखाली एक बारीकसा तीळ आहे, तो खालून कधी दिसलाच नव्हता.

"एकशे चौऱ्याहत्तर," तो पुटपुटला. आणि का कोण जाणे, त्याचे डोळे भरून आले. मग तो स्टुलाला धरून उभा राहिला, मी पडू नये म्हणून. मला तरी तेव्हा तसंच वाटलं.

त्या दिवशी घरी येताना मी ठरवलं, की स्कर्ट पूर्ण झाला की तो घालून जायचं आणि सांगून टाकायचं. वाक्यही तयार केलं. आरशासमोर म्हणूनही बघितलं. "जिराफ, मला तू आवडतोस, आणि हे मी स्टुलाशिवाय सांगतेय." छान होतं ना वाक्य? मला अजूनही वाटतं, छान होतं.

सहाव्या शनिवारी मी पहिल्यांदाच स्कर्टच्या कापडाचा तुकडा बरोबर नेला. एरवी रंग माझ्या डोळ्यांत पक्का असतो, तशी मी बढाईही मारायचे, पण तपकिरीच्या तीन छटांत गोंधळ होत होता. तुकडा माझ्या मुठीत होता. भुरभुर पाऊस आला म्हणून आम्ही मावशींच्या दुकानाबाहेर, पत्र्याखालच्या पायरीवर बसलो.

तो म्हणाला, "आम्ही जातोय. बाबांना दुसरीकडे काम मिळालंय. पुढच्या रविवारी सकाळी."

मी काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं. विनोद आलाच नाही.

"म्हणून आता सांगतो," तो म्हणाला. "सापडणार नाहीच बहुतेक. एक पडदा शोधतोय मी."

"पडदा?"

"आम्ही कायम भाड्याच्या घरात. भिंतीवर रेघ मारलेली घरमालकांना चालायची नाही. आणि आईला तर माझी उंची नोंदवायची असायची, दर वाढदिवसाला. म्हणून ती दाराच्या पडद्यावर नोंदवायची. मी पडद्याला पाठ लावून उभा राहायचो, ती डोक्याच्या वर टाचणी टोचायची आणि मग तिथे टाका घालायची. घरात जो दोरा असेल तो. लाल, मोहरीच्या रंगाचा, जांभळा... घर बदललं की पडदा बरोबर. दोन वर्षांचा असल्यापासून."

पाऊस पत्र्यावर वाजत होता. माझी मूठ आपोआप घट्ट झाली.

"मागच्या वर्षी ती गेली. महिन्याभरात माझी परीक्षा होती. मी शेवटच्या पेपराला गेलो, आणि त्या दुपारी बाबांनी घरातलं सगळं देऊन टाकलं. जुनं सामान गोळा करणारी गाडी आली होती, तिच्यात. त्यांना बघवत नव्हतं. मी घरी आलो तर पडदा कुठेच नव्हता... नुसतं रिकामं घर."

"कुठल्या..." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "कुठल्या रंगाचा होता?"

"शेवाळी."

मी पावसाकडे बघत राहिले.

"माहीत आहे, तुला वाटेल एवढं काय, पडदाच तर आहे," तो म्हणाला. "पण त्यावरचा शेवटचा टाका खोटा आहे, टाचणी. सोळाव्या वाढदिवसाला तिला उठवत नव्हतं. दाराजवळ खुर्चीत बसून होती, हात वर पुरत नव्हता. म्हणून मी गुडघ्यात वाकलो. लांब शर्ट होता, दिसलं नसेल. तिने पांढरा टाका घातला, मागच्या टाक्यांच्याही खाली. म्हणाली, यंदा वाढला नाहीस रे. मी म्हटलं, नाही वाढलो. आणि ती गेली... मी वाढलोच नाही असं समजून." त्याने नाक ओढलं. "सापडला की मला फक्त खरा टाका घालायचाय. त्याच्या जागी. बाकी काही नाही."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मूठ उघडायची, एवढंच तर होतं. पण मी म्हणाले, "मला घरी जायला हवं," आणि भिजत पळाले. बोलणारी मुलगी!

घरी येऊन मी स्कर्ट पलंगावर पसरला आणि रडले. आई डब्याला झाकण लावता लावता दारात आली. मी तिला सगळं सांगितलं. ती माझ्याशेजारी बसली.

"सांगितलंस तर काय होईल?"

"तो माझं तोंड बघणार नाही. जाईल."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"...तरी जाईलच."

"मग?"

"मग काय, आई! नाही सांगितलं तर त्याला आवडणारी म्हणून लक्षात ठेवेल. सांगितलं तर त्याच्या आईचे टाके उसवणारी म्हणून!"

आईने स्कर्टची कड दोन बोटांत धरली आणि हळूच सोडली.

रविवारी सकाळी मी ब्लेड घेतलं आणि माझाच स्कर्ट उसवायला बसले. एक एक टीप. टाक्यांची कड मी उभी कापून काढली होती. तिचा वरचा भाग कमरेच्या पट्टीला वापरला होता, खालचा तुकडा कचऱ्यात गेला होता. पट्टी उलगडून खिडकीशी धरली, आणि माझे हात थांबले. पडदा उन्हाने विटला होता, पण टाक्यांखालचं कापड विटलं नव्हतं. जिथे जिथे टाका होता, तिथे तिथे बारीक गडद रेघ उरली होती. टाका नव्हता, त्याची सावली होती.

आणि दोरे? मामीची एक शिकवण आहे, उसवलेला दोरा फेकायचा नाही, टाचण्यांच्या उशीत भरायचा. या घरात आल्यावर मी पहिल्यांदा उशीच शिवली होती आणि तिच्यात पहिल्यांदा भरले होते ते याच पडद्याचे दोरे. मी उशी फाडली. अगदी मधोमध ते होते. दुहेरी, गाठ मारलेले. उसवलेला दोरा लगेच सरळ होत नाही, माहीत आहे का? टाक्याचं वळण धरून बसतो. मी ते कागदावर मांडले. लाल. मोहरीच्या रंगाचा. जांभळा. दोन निळे...

मोजले. पुन्हा मोजले. मग पट्टीवरच्या रेघा बघितल्या, आणि पट्टीचं जे टोक मी जास्त झालं म्हणून आत दुमडलं होतं, ते उलगडलं.

मी तशीच बसून राहिले, खूप वेळ.

आठवडाभर मी पुन्हा पुन्हा तेच केलं. दोरे मोजले, चिठ्ठ्या लावल्या. शनिवारी शाळा सुटली आणि मी दुकानात गेले. तो आधीच पायरीवर बसला होता. हातात एक कागदाची पुडी. मला बघून उठला. "त्या दिवशी पळालीस का? मी काही चुकीचं..."

"बस," मी म्हणाले. "मी बोलणार आहे, आणि तू मध्ये बोललास तर मला पुन्हा जमणार नाही."

तो बसला. मी पिशवीतून पट्टी काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. शेवाळी.

"पडदा मी घेतला होता. तू भेटायच्याही आधी. मला वाटलं, रफू आहे. मी टाके उसवले. कापला. स्कर्ट केला... तुझ्यासमोर घालायला. चार वर्षांपर्यंतच्या टाक्यांची कड मी फेकून दिली, ती कुठेच नाही. आणि पांढरा टाका उसवताना मी हसले होते. कुणाचा हा वेडावाकडा हात, असं मोठ्याने म्हणाले होते. हे तुला कधीच कळलं नसतं. पण सांगायचं तर सगळंच सांगायचं, म्हणून."

तो माझ्याकडे बघत नव्हता. पट्टीवरून बोट फिरवत होता, डोळे मिटून, तो कडा चाचपायचा तसंच. सहा शनिवार मी ज्या बोटांकडे चोरून बघत होते, ती एकेका जागी अडत होती.

"तू उसवलेस," तो शेवटी म्हणाला. नुसतं तेवढंच. त्यापेक्षा तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"हो."

मावशी दारात आल्या होत्या. त्यांनी ते कापड बघितलं आणि डोक्यावरचे तिन्ही चष्मे काढून हातात घेतले. "मीच विकला," त्या म्हणाल्या, स्वतःशीच. आणि आत गेल्या.

मी डबी पुढे केली. "दोरे आहेत. सगळे."

त्याने उघडली. कागदावर मी ते ओळीने मांडले होते. "पंधरा," तो म्हणाला. "पंधरा वाढदिवस."

"सोळा आहेत."

"पंधराच. दोनपासून सोळापर्यंत. मोज."

"मी खूपदा मोजलेत, जिराफ. सोळा आहेत. पांढरे दोन आहेत."

त्याने मान वर केली.

मी पट्टी त्याच्या मांडीवरच उलगडली. "ही बघ. बाराव्या आणि तेराव्याच्या मध्ये, ही तुझी खोटी रेघ. लांब टाके आहेत, वाकडे. आणि आता इकडे ये. ही पंधराव्याची. सगळ्यात वरची, असं तुला वाटतं ना? हिच्याही वर बघ. चार बोटं वर."

तिथे एक रेघ होती. अगदी लहान, फिकट, सुईच्या दोन भोकांमधली. एकाच टाक्याची.

"पण तिला उठता येत नव्हतं," तो म्हणाला. "तिचा हात पुरलाच नसता. तिथे कसा..." आणि मग त्याचा आवाज बारीक झाला. "पडदा धुवायला काढला होता. त्यानंतरच्या आठवड्यात. वाळल्यावर मी तिच्या मांडीवर आणून ठेवला होता, ती म्हणाली घडी मी घालते... पुन्हा लावायचा राहूनच गेला."

"तुझ्या पँटची खालची दुमड कोण सोडायचं? उंची वाढली की?"

"तीच. शेवटपर्यंत. बसल्या बसल्या."

"मग तिला माहीत होतं," मी म्हणाले. "पँट शिवणाऱ्या बाईला उंची माहीत असते. तू वाकलायस, हे तिला तेव्हाच कळलं असणार. तिने तुला काही म्हटलं नाही, एवढंच. आणि नंतर खरा टाका घालून ठेवला. जिथे पाहिजे तिथेच."

तो रडला. उंच मुलं रडतात तेव्हा खूप वेळ लागतो, सगळी दुमडत जातात आधी. मी त्याच्या पाठीवर हात ठेवावा की नाही, हे मला कळत नव्हतं. त्याच हातांनी तर उसवलं होतं. मी हात मांडीवरच ठेवला, आणि शेजारी बसून राहिले.

बऱ्याच वेळाने त्याने दोन्ही पांढरे दोरे डबीत परत ठेवले, लहान बाळाला ठेवावं तसे. मग ती पुडी माझ्याकडे सरकवली.

सहा बटणं. तपकिरी, चार भोकांची. सहाच्या सहा एकसारखी.

"कुठे मिळाली?" मी विचारलं.

"गल्लीच्या टोकाच्या दुकानात. एका जुन्या कोटावर होती, अख्खा कोट घ्यावा लागला." तो नाक पुसत हसला, एका बाजूनेच. दुसरी बाजू आलीच नाही. "ही देताना मी काहीतरी बोलणार होतो. सकाळपासून घोकत होतो."

"काय?"

"आता नको. आता बोललो तर तुला वाटेल, माफ केलं म्हणून बोलतोय."

"आणि... केलंयस माफ?"

त्याने पट्टीकडे बघितलं, जिथे पहिले तीन वाढदिवस नव्हते त्या कापलेल्या टोकाकडे.

"नाही," तो म्हणाला. तो खोटं बोलत नाही. एकदाच बोलला होता आयुष्यात. "माफ करायला मला वेळ लागेल, टाचणी. किती, माहीत नाही. पण ते दुसरं जे आहे ना... ते आधीच होऊन गेलंय. त्याला आता काही करता येत नाही."

माझं वाक्य माझ्या तोंडात होतं. स्टुलाशिवाय, सगळं. पण त्या पायरीवर ते फार चमकदार वाटलं असतं. मी फक्त म्हणाले, "माझंही."

तो उठला. पट्टी घडी करून शर्टाच्या आत, छातीशी ठेवली. दोन पावलं गेला आणि वळला, मला वाटलं काहीतरी सांगेल. त्याने माझ्याकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत, जणू मोजमाप घेत होता. मग गेला. गल्लीच्या वळणापर्यंत त्याचं डोकं सगळ्यांच्या वर दिसत होतं.

रविवारी सकाळी मी गेले नाही. त्याने बोलावलं नव्हतं.

या गोष्टीला आता चार महिने झाले. त्याचं पत्र नाही, फोन नाही. वेळ लागेल म्हणाला होता, लागतोय. मावशी आता कुठलीही वस्तू विकायच्या आधी दुसरा चष्मा लावून तिच्या कडा तपासतात. मी स्कर्टला दुसरी पट्टी लावली, काळी, आणि त्याची सहा बटणं. शाळेत सगळ्या विचारतात, कुठून घेतला गं? मी सांगते, जुना आहे.

आमच्या घराला आता पडदे आहेत. माझ्या खोलीच्या दाराला पिवळा. काल शाळेतून आले, टेप घेतली, स्टूल ओढलं. एकशे चौऱ्याहत्तर. तिथे एक टाका घातला आणि मागे पक्की गाठ मारली. दोरा निळा घेतला. पांढरा त्याच्या आईचा आहे.

आई दारात येऊन बघत होती. "एवढी उंच होणार आहेस?"

"माझी नाही ती."

ती स्टूल धरून उभी राहिली, मी उतरेपर्यंत. "मुलगे अठरापर्यंत वाढतात गं," ती म्हणाली, "कधी कधी पुढेही."

माहीत आहे मला. म्हणजे तो परत येईल तेव्हा हा टाका खोटा ठरेल. पडद्याला पाठ लावून सरळ उभा राहील, मी चार बोटं वर टाचणी टोचेन...

खोटा ठरू दे.